भाऊजींचा कोपरा

टक् — हाच तो! हाच आवाज. तुम्ही आत्ता रंग ढवळायला काडी मोडलीत ना गुडघ्यावर, तेव्हा माझ्या छातीत कसंतरीच झालं — घाबरू नका, छाती ठीक आहे माझी, पाय तेवढे कुरकुरतात. पण असाच आवाज यायचा सकाळी या खोलीतून, कितीतरी वर्षं. नवा खडू मोडल्याचा. वहिनी अख्खा खडू कधी वापरायच्या नाहीत. म्हणायच्या, अख्खा खडू किंचाळतो, अर्धा केला की निमूट लिहितो. मी मागच्या खोलीत अंथरुणात, डोळे मिटलेले, आणि टक् — की समजायचं, त्या उठल्या, आता आपण लोळण्यात अर्थ नाही. पाणी आणू का तुम्हाला? नको? बरं. चालू करा तुम्ही. मी बोलतोय म्हणून हात थांबवू नका, सूनबाई यायच्या आत निदान एक हात तरी मारून झाला पाहिजे. सूनबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, दवाखान्यात कामाला आहे, रक्त तपासतात तिथं. दुपार कलली की येते. — थांबा, थांबा जरा. खालून नका सुरू करू. वरून करा. पंख्याच्या बाजूनं. वरून खाली असंच करतात ना? हां. मग बरोबर. खालचा तो डावा कोपरा अगदी शेवटी घ्या. मी इथं स्टुलावर बसतो, मध्ये येत नाही.

काळी का, हेच विचारायचं होतं ना? मघापासून बघताय. बसायची खोली आणि एक भिंत काळी कुळकुळीत. अहो, फळा आहे तो. भिंतभर फळा. आणि तो केलाय कुणी? मीच. मी रंगकाम करणारा नव्हे, माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं पलीकडच्या चौकात, आता तिथं मोबाइलवाला बसतो. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, ही भिंत मला काळी करून द्या. मी कंदिलांच्या काचांची काजळी खरवडली, भट्टीवाल्याकडून आणखी आणली, आणि कालवली कशात? तेलात! हसा, हसा. सायकलवाल्याला दुसरं काय सुचणार, काही अडलं की घाल तेल. भिंत अशी चमकली म्हणता, भांग पाडून घ्यावा तिच्यात बघून. वहिनींनी खडू टेकवला तर तो सुर्रकन खाली. ओरडल्या नाहीत हो. 'भाऊजी,' म्हणाल्या, 'हिला आपल्याला पळवायचं नाहीये, एका जागी उभीच ठेवायची आहे.' मग सगळी खरवडली आणि सरसात काजळी कालवून परत दिली. ती बसली ती बसली. वर्षाआड मी एक हात मारायचो. तुमच्या त्या खरवडायच्या पत्र्याला लागेल बघा आत कुठंतरी ते तेल, तिथं तुमचा प्रायमर धरायचा नाही. — नाही हो, अडवत नाही मी. सांगून ठेवतो. काळं वर येईल म्हणता? दोन हात दिले तरी? येऊ दे. म्हणजे, नको येऊ दे. तुम्ही द्या तीन हात, काय ते.

भाऊ गेला त्यानंतरचं हे सगळं. थोरला भाऊ माझा, छापखान्यात होता, छातीच्या दुखण्यानं गेला. मागं कोण? आई, दोन बहिणी लग्नाच्या, मी, आणि वहिनींच्या कडेवर हा पुतण्या. सगळे मिळून रडायला तयार, पण उठून पाणी भरायला कुणी नाही. नातेवाईक जमले, म्हणाले, आता हिची शाळा पुरे, घरात बसू दे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. आणि ऐकून घेऊन शाळेत गेल्या. लहानांना शिकवायच्या त्या, अगदी पहिलीच्या पोरांना. वरच्या वर्गाचे मास्तर ऐटीत असायचे, तर वहिनी म्हणायच्या, तुम्ही गणित शिकवा हो, पण आधी त्यांना बसायला मी शिकवते. कुणाचं चुकलं तर 'चूक' हा शब्द नाही तोंडात. 'परत बघ,' एवढंच. पोर परत बघायचं. नाही दिसलं तर 'परत बघ'. वैतागून का होईना, पण दिसायचं त्याला. तर त्यांनी या भिंतीवर घरातल्या एकेकाचं नाव घातलं आणि खाली त्याचं त्या दिवशीचं काम. पाणी कुणी, भांडी कुणी, पोराला कुणी घ्यायचं. भांडणंच मिटली. तोवर या घरात दोन्ही बहिणींचं एकच गाणं, मीच का, मीच का. आई मात्र खवळली. 'हे घर आहे का शाळा? माझ्याच घरात मला हजेरी?' वहिनींनी आईच्या नावाखाली लिहिलं — आराम, आणि सगळ्यांवर नजर. आईला वाचता येत नव्हतं. धाकटीकडून वाचून घेतलं, परत वाचून घेतलं, आणि मग जी दाराशी बसली नजर ठेवायला, ती शेवटपर्यंत उठली नाही.

आणि मी? मला तरी कुठं वाचता येत होतं. शाळेत मी गेलो त्यापेक्षा शाळेच्या भिंतीवरून उड्या जास्त मारल्या. मग मला कसं सांगायचं? रोज कुणीतरी मला वाचून दाखवायचं म्हणजे — तरणा होतो हो तेव्हा, मिशा होत्या. वहिनींनी ते ओळखलं. माझ्यापुरतं चित्र काढायच्या. तिथं, त्या खालच्या कोपऱ्यात, कारण मी चहाला जमिनीवर बसायचो दाराशी, तर तो कोपरा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. सांडलेली बादली काढली की नळ गळतोय. खुर्ची काढली आणि एक पाय तोडका, की ती ठोकायची. कुणी काही बोलायचं नाही, मी चहा प्यायचो, बघायचो, उठायचो. चित्रं कशी म्हणाल तर — आता गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण भयंकर. एवढं सुंदर अक्षर त्या बाईंचं, आणि चित्र काढायला घेतलं की हात कुणाचा तरी दुसऱ्याचाच. एकदा नुसतं एक रागावलेलं तोंड काढून ठेवलं. मी दिवसभर दुकानात पंक्चर काढतोय आणि डोक्यात तेच, आपलं काय चुकलं, काय बोललो काल. संध्याकाळी भीत भीत विचारलं. म्हणाल्या, 'अहो, तोंड कसलं, शेजाऱ्यांचा कुत्रा आहे तो! त्यांना सांगून या म्हटलं होतं, बांधून ठेवा.' कुत्रा! दोन कान तेवढे काढायचे राहिले होते.

किती वाजले हो? तुमच्याकडे घड्याळ आहे ना. अजून वेळ आहे म्हणता. घासताय ते बरं घासताय, पण जरा हळू — पोपडे या बाजूला नका येऊ देऊ. मी जरा दार लोटून घेतो. नको, उघडंच राहू दे, नाहीतर तिला वाटेल लपवून चाललंय.

बाई म्हणायचे त्यांना सगळे. सगळे म्हणजे सख्खा मुलगासुद्धा. त्यांच्याच वर्गात होता ना हा, आणि वर्गात आई म्हणायचं नाही असा दम दिलेला. ते पोरगं घरी येऊनही बाई-बाईच करायला लागलं, मग तेच राहिलं. स्वतःच्या लग्नात पाया पडताना म्हणाला, 'येऊ का, बाई?' वर्गाबाहेर जायला विचारतात तसं. सगळे हसले, त्या नाही हसल्या, म्हणाल्या, 'जा, पण धावू नकोस.' रस्त्यानं निघाल्या की पोट सुटलेले, टकलं पडलेले बाप्ये स्कूटरवरून उतरून उभे राहायचे. शेवटी जो डॉक्टर यायचा घरी तोही त्यांच्याच हाताखालचा. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, वहिनींनी तो कागद डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, आणि त्याच्याच हातात परत दिला. 'परत बघ,' म्हणाल्या. एवढा मोठा डॉक्टर, बॅग उघडली, पेन काढलं, पलंगाच्या कडेला टेकून एकेक अक्षर सुटं काढून दिलं. आणि जाताना मला म्हणतो, काका, घाम फुटला.

आता तुम्हाला एक सांगू का — नको, जाऊ दे. काम करा तुम्ही. तुम्ही कुठले, आम्ही कुठले, भिंत रंगवाल आणि जाल. म्हणूनच सांगता येतं म्हणा. मला वाचता येतं. हो. केव्हापासून म्हणाल तर फार जुनी गोष्ट. संध्याकाळी गल्लीतली पोरं यायची इथं अभ्यासाला, मी दुकान बंद करून राहिलेली एखादी ट्यूब घेऊन दाराशी बसायचो, भिंतीकडे पाठ करून. पाठ करून हां, मी कधी तोंड वळवलं नाही भिंतीकडे. पण कान तर उघडेच. आणि दिवसा दुकानात वर्तमानपत्राचे तुकडे हात पुसायला. ऐकलेलं रात्री, पुसलेलं दिवसा — जुळत गेलं कधीतरी. पण बोललो नाही कुणाला. एकदा वहिनींना शाळेची घाई होती, कुणीतरी मोठे साहेब तपासणीला येणार होते, तर त्यांनी चुकून कोपऱ्यात लिहूनच टाकलं: दूध नासलं, दुसरं आणा. आणि मी आणलं की! डोकं ठिकाणावर नाही माझं. चहा प्यायलो, वाचलं, उठलो, किटली घेतली, घेऊन आलो. त्या निघाल्याच होत्या पिशवी घेऊन. त्यांनी किटलीकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे — मी आपला चपला बघतोय. किटली हातातून घेतली, आत ठेवली, गेल्या शाळेला. मला वाटलं, संपलं. आता उद्यापासून माझं नाव वर जाणार, सगळ्यांसारखं, अक्षरात. रात्री झोप नाही. सकाळी टक् झालं, उठून आलो तर कोपऱ्यात — किटली. काढलेली. आणि शेजारी एक गाय, चार पाय, शेपूट, आणि गायीला मिशा.

त्यानंतर किती वर्षं गेली, बोटांवर मोजता यायची नाहीत. बहिणी गेल्या आपापल्या घरी, आई गेली, पुतण्याचं लग्न झालं, वहिनी निवृत्त झाल्या, पण माझ्या कोपऱ्यात अक्षर आलं नाही. त्यांना माहीत होतं मला वाचता येतं. मला माहीत होतं त्यांना माहीत आहे. आणि तरी रोज सकाळी त्या अर्धा खडू घेऊन खाली वाकायच्या, आणि मी कपबशी घेऊन समोर बसायचो, की आज काय काढते ती — काढतात त्या. का? मला नका विचारू. एवढ्या पोरांना अक्षर शिकवलं त्या बाईनं, कुणाला वाचता यायला लागलं की साखर वाटल्यासारखं तोंड व्हायचं त्यांचं, मग माझंच का नाही सांगितलं कुणाला? मी तरी का नाही सांगितलं? काही नाही. असंच. बोलत बसलं की चहा गार होतो, एवढंच.

मग ते मोबाइल आले. आता पुतण्या सूनबाईला तिकडून कळवतो, ती त्याला इकडून. भिंतीवर नावं राहिली नाहीत. वहिनींना उभंही राहवेना, तर मी स्टूल लावून द्यायचो, हेच स्टूल, आणि बसून त्यांचा हात जेवढा पोचेल तेवढीच भिंत त्यांची. म्हणजे तेवढाच कोपरा. अख्ख्या भिंतीवर एक माझं चित्र. हात थरथरायचा, आधीच तो कुत्रा तसा, आता तर पोपट की पातेलं काही कळायचं नाही. मी आपला अंदाजानं काहीतरी करून यायचो. पातेलं घासून ठेवलं तरी त्या हं म्हणायच्या, खिडकी पुसली तरी हं म्हणायच्या. आणि एका सकाळी मी येऊन बसलो, तर कोपरा कोरा. कालचं पुसलेलं, स्वच्छ, रात्री पुसूनच झोपायच्या त्या, आणि नवीन काही नाही. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आज सुट्टी दिली. मजेत चहा प्यायलो हो मी. पूर्ण कप. आणि मग सूनबाई आतून ओरडली.

गेली. गेल्या, म्हणजे.

— काय? थांबू नका, घासा. मला काही झालेलं नाही. त्या पत्र्याची धूळ उडते ना, डोळ्यांत जाते. तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय, की पुतण्यानं बोलावलंय तुम्हाला, आणि हा म्हातारा जीव लावून बसलाय भिंतीला. तसं नाही. पुतण्या म्हणाला, काका, राहू दे ती, कुणाला काय अडचण होतेय? मी बोलावलंय तुम्हाला. फोन मी केला होता, आवाज ओळखला नाहीत? खोलीत अंधार होतो म्हटलं ना, तो मीच. अंधार कसला, एवढी मोठी खिडकी आहे.

सांगतो. त्या गेल्यावर मी रोज येऊन बसायचो, सवय. कपबशी घेऊन, कोपऱ्याकडे तोंड करून. बसायचो, बघायचो, आणि उठायचं कशासाठी ते कळायचं नाही. सूनबाईनं बघितलं असणार. गुणी आहे हो पोरगी, वहिनींचं शेवटचं सगळं तिनं केलं, तोंडावर आठी नाही. तर गेल्या आठवड्यात मी येऊन बसलो आणि कोपऱ्यात चित्र! झारी. झाडांना पाणी घालायची, त्या चार कुंड्या आहेत ना गॅलरीत, सुकल्या होत्या. आणि काय सुरेख काढलेली, झारीच्या तोंडातून थेंब, एकेक थेंब वेगळा, सावलीसकट. वहिनींना सात जन्मांत जमली नसती. मी उठलो आणि तळहातानं पुसली. अशी, दोनदा, सगळी. वळलो तर ती दारात उभी, माझाच चहा घेऊन. कपबशी खाली ठेवली, गेली आत. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे सगळं करते, पण नवऱ्याला सांगते, काकांना विचारा जेवणार का. आणि मी समोर बसलेला! मग मीही त्यालाच सांगतो, तिला सांग, जेवतो. तो बिचारा दोघांमध्ये घास घेऊन बसतो.

तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिला काय माहीत? तिला वाटतं मला खरंच वाचता येत नाही. म्हणून काढली तिनं झारी. म्हाताऱ्याला कळावं म्हणून. आणि ते — ते कसं सांगू मी तिला, की बाळ, चित्र कळावं म्हणून नसायचं. मग कशासाठी असायचं, असं विचारलं तर? म्हणून म्हटलं, भिंतच नको. भिंत नाही तर कोपरा नाही, कोपरा नाही तर मी कशाला येऊन बसतोय तिथं, ती कशाला काढतेय आणि मी कशाला पुसतोय. तुम्ही आपलं पांढरं करून टाका. पण तिनं पांढरं बघितलं आणि तिला वाटलं, हे माझ्यावरच्या रागानं केलं, तर? ती नाही बोलली या घरात तर मी बोलायचं कुणाशी हो? भिंतीशी? ...नका हसू. मी नाही हसत.

कडी वाजली का? वाजली ना? आली. इतक्या लवकर कशी आली आज! उतरा, उतरा तुम्ही शिडीवरून — नाही, राहा, राहा तिथंच, पडाल. ये, बाळ, ये. हे पेंटर. मी बोलावलंय त्यांना, तुझ्या नवऱ्यानं नाही, त्याच्यावर नको चिडू. अजून काही केलेलं नाही, वर पंख्यापाशी जरासं घासलंय, बघ, बाकी सगळी आहे तशी आहे. मी काय म्हणत होतो — ती झारी चांगली होती. फार चांगली होती, तेच तर. मला वाचता येतं गं. बघतेस काय अशी, येतं. बाईंना माहीत होतं. आता तू विचारशील मग चित्र का, तर ते मला नाही सांगता यायचं, खरंच नाही. तू एवढं सांग, ही ठेवायची का रंगवायची. तू म्हणशील तसं. तोंडी सांग, ऐकू येतं मला. बोल ना काहीतरी. भांड तरी. — हे काय? पिशवी माझ्याकडे कशाला? मटार? सगळे? एवढे सगळे आत्ता सोलायचे? अगं, निदान परात तरी — अगं —

गेली आत. एक शब्द नाही बोलली.

पेंटर, तुम्ही असं करा, उतरा खाली. डबा झाकून घ्या. उद्याचं उद्या कळवतो, फोन करीन. नाही, आज नाही जमायचं, आज निघा तुम्ही. बघताय ना, मला काम आहे.